टोकाचा माणूस

दादासाहेबांची ती गोष्ट घरी आलेल्या एकाही पाहुण्याला चुकली नव्हती. चहा व्हायचा, कुणीतरी भिंतीवरच्या विमानाच्या फोटोकडे बघायचं, आणि झालं. जुईलीची आई तेवढ्यात कपबश्या गोळा करून आत सटकायची, कारण लग्न होऊन या घरात आल्यापासून तिने ती इतक्यांदा ऐकली होती की तिला स्वतःलाच विमान उडवता आलं असतं. जुईली मात्र बसून राहायची. आजोबांचा हात टेबलावर विमान होऊन वळायला लागला की तिला लहानपणी वाटायचं तसंच अजूनही छान वाटायचं, आणि तिशीला आलेल्या बाईला असं वाटावं याची तिला मुळीच लाज नव्हती.

गोष्ट बासष्ट सालच्या युद्धातली. चीनच्या सरहद्दीवर आपली ठाणी बर्फात अडकून पडली होती आणि खाली यायच्या वाटा तुटल्या होत्या. दादासाहेब तेव्हा पंचविशीचे होते आणि डाकोटा उडवायचे. डाकोटा म्हणजे मालवाहू विमान. त्याला ना तोफ ना बॉम्ब. पोटात पिठाची आणि तांदळाची पोती, औषधं, काडतुसांच्या पेट्या भरायच्या, डोंगरांच्या फटीतून घुसायचं आणि ठाण्यावर आलं की उघड्या दारातून माल खाली ढकलायचा. माल कुठे टाकायचा ते खालच्यांनी सांगायचं. त्यांना नारिंगी कापडाचे लांब पट्टे दिलेले असत, ते बर्फावर अंथरून त्यांनी इंग्रजी ‘टी’ अक्षर काढायचं. कापड दिसलं तर माल टाका, नाही दिसलं तर परत आणा, असा हुकूम होता. ठाणी रोज पडत होती, आणि पडलेल्या ठाण्यावर टाकलेलं पीठ शत्रूच्या पोटात जाणार होतं.

“तर एका सकाळी,” इथे दादासाहेब खुर्चीत पुढे सरकायचे, “एका ठाण्यावर आलो. बघतो तर कापड नाही! आणि कापडाच्या जागी काय? माणसं! बर्फावर एकापुढे एक झोपून माणसांनी केलेला टी! एक चक्कर मारली, दुसरी मारली. मेल्यासारखे पडलेले सगळे. हालचाल शून्य. को-पायलट म्हणतो, सर, टाकू या. मी म्हटलं, खुळा आहेस का? आपल्या माणसाला कापड दिलंय, तो बर्फात कशाला झोपेल? चिन्यांनी ठाणं घेतलंय आणि आपली खूण लांबून बघून ठेवून आता स्वतः आडवे झालेत. नाक वळवलं आणि माल पुढच्या ठाण्यावर नेऊन टाकला. एक दाणा चिन्याच्या तोंडात पडू दिला नाही!”

वरिष्ठांनी त्यांची पाठ थोपटली होती. पाहुणे ‘वा’ म्हणायचे. दादासाहेब मागे टेकायचे आणि गार झालेला चहा घोट घोट प्यायचे.

दोन वर्षांपूर्वी जुईलीच्या वडिलांनी, शेखरने, कोळवणला जागा घेऊन छोटं घर बांधलं. पुण्यातल्या लोकांना मुळशीकडे घर बांधायचा जो रोग लागला आहे तो त्यालाही लागला, दुसरं काही नाही. पण त्यात दादासाहेबांचं भलं झालं. सूसच्या सोसायटीत त्यांचा जीव गुदमरायचा. लिफ्टमध्ये भेटणारी माणसं मोबाईलमध्ये बघायची, गोष्ट ऐकायला कुणाला वेळ नव्हता. कोळवणला खाचरं होती, डोंगर होते, सकाळी धुकं उतरायचं आणि गोष्ट ऐकायला अख्खं गाव होतं. सांभाळायला शेजारचं एक जोडपं ठेवलं होतं. जुईली दर शनिवारी सूसहून गाडी काढून यायची.

ज्यांची जागा घेतली ते विठ्ठलराव गावचे माजी सरपंच. माणूस हौशी. त्यांनीच ठरवलं की यंदा सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडावंदन झालं की गावातल्या दोन्ही फौजींचा सत्कार करायचा. एक दादासाहेब, आणि दुसरे हैबतराव, गावचेच, तेही चीनच्या लढाईत होते. “पन म्हातारा कदी तोंड उघडत न्हाई,” विठ्ठलराव म्हणाले. “पाच माणसांत बसंल, तंबाखू मळंल, पर लढाईचं नाव काडलं की उटून जातोय.” सूत्रसंचालन जुईलीने करायचं ठरलं. ती आनंदाने हो म्हणाली. खरं तर सत्काराची कल्पना विठ्ठलरावांच्या डोक्यात तिनेच सोडली होती. आजोबा अठ्ठ्याऐंशीचे झाले होते. भरल्या मैदानात, माइकवर, एकदा त्यांनी ती गोष्ट सांगावी आणि लोकांनी टाळ्या वाजवाव्यात, एवढीच तिची इच्छा होती.

हैबतरावांची ओळख करून द्यायची म्हणून आदल्या दिवशी दुपारी ती त्यांच्याकडे गेली. पडवीत बसून ते पावटे सोलत होते. उजव्या पायाची बोटं नव्हती, पाऊल पुढे एकदम संपत होतं. त्यांची नातसून रेश्मा चहा घेऊन आली आणि उंबऱ्यातच टेकली.

“नाना, उद्या तुमच्याबद्दल चार शब्द बोलायचेत मला,” जुईली म्हणाली. “थोडं सांगता का?”

“माजं काय सांगायचं,” हैबतराव म्हणाले. शेंग सोलत राहिले. मग त्यांनी मान वर केली. “तुजं आजं इमान चालवत व्हतं म्हनं?”

“हो.”

“ल्हान का मालाचं?”

“मालाचं. डाकोटा.”

त्यांनी सूप बाजूला सरकवलं. “मंग मला त्यांस्नी येक इचारायचं हाय. लई वर्सांचं हाय. इमानवाला मानूस मला कदी गावलाच न्हाई इचारायला.”

“काय विचारायचंय, नाना?”

आणि गावात कधी तोंड न उघडलेला तो म्हातारा बोलायला लागला. खालच्या आवाजात, पावट्यांच्या सुपाकडे बघत.

“आमच्या ठान्यात समदी आपल्याकडची पोरं. मावळातली, खालच्या देशावरची. मोटा सायेब पयल्याच झटक्याला गेला. मी नाईक, मंग समदं माज्यावर आलं. आदी इमान येत व्हतं, मंग येयाचं बंद झालं. खायला काय न्हाई. चामड्याचं पट्टं उकळून प्यालो. आन् पयला शंभू गेला, ह्याच गावचा. जाळायला तेवडं लाकूड न्हाई, म्हनलं दगडाखाली घालू. पर तसंच? कापडाबिगर? आपल्यात मानसाला कापडाबिगर लावत्यात का कुटं?”

“नाही,” जुईली म्हणाली.

“ते इमानाला दावायचं कापड व्हतं. सायेबलोक त्येला काय म्हनत असतील ते म्हनूद्यात, आमाला ते भगवं दिसायचं. मी म्हनलं, फाडा. इमान काय आता येत न्हाई. शंभूला भगव्यात गुंडाळला. मागनं आनकी गेले, त्यांस्नी बी त्येच. समदं कापड संपलं. शंभूची बायकू रंभा, परवापरवा गेली ती. तिला येऊन सांगितलं, तुजा मानूस भगव्यात गेला. तेवड्यावर तिनं जलम काडला.”

जुईलीने हातातला कप खाली ठेवला. पुढचं काय आहे ते तिला कळलं होतं, आणि ते तसं नसावं म्हणून ती मनातल्या मनात देवाला विनवत होती.

“आन् मंग इमान आलं,” हैबतराव म्हणाले. “कापड दगडाखाली. उपसायला येळ न्हाई, आन् मढ्यावरचं कापड काडनार तरी कोन? उबं ऱ्हाऊन वरडावं, तर चिनी बी वरडतोय, वरच्याला वळखू कसं येयाचं. मी म्हनलं, झोपा. तुमीच टी व्हा. आडव्या रेगंत हे, उब्या रेगंत हे. पार खाली टोकाला मी. म्हनलं, कुनी हालायचं न्हाई, हालला तर रेग मोडंल आन् वरच्याला समजायचं न्हाई. पोरं पडली बर्फावर. अंगात जीव न्हवता, पर हालली न्हाईत. इमान पार डोस्क्यावर आलं. दार उगडं. दारात पोती दिसली गं मला, पांडरी पोती. आन् माजा हात वर गेला.”

रेश्माने पदर तोंडाला लावला होता. ती हे पहिल्यांदाच ऐकत होती.

“समद्यांस्नी सांगितलं हालू नगा, आन् मीच हाललो. पडल्या पडल्या हात केला. यष्टीला करतो आपन, तसा. थांब म्हनून. इमान फिरून पुन्यांदा आलं, पुन्यांदा हात केला. आन् ते गेलं. निम्मी पोरं बर्फावरनं उटलीच न्हाईत. मागची रातचीला गेली. तिगं खाली उतरलो, त्यातला मी येकटा ऱ्हायलोय.” त्यांनी हाताचा पंजा उलटासुलटा करून बघितला. “तर मला सायेबांना येवडंच इचारायचं हाय. टोकाचा येक मानूस हालला, तर वरनं टी मोडल्याला दिसतो का? म्हंजी माज्यामुळं मेली का पोरं, येवडंच.”

उत्तर जुईलीला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं, हातवाऱ्यांसकट. टी मोडला नव्हता. टी वरून लख्ख दिसला होता, आणि तो दिसला म्हणूनच... तिला पुढे विचार करवेना. या म्हाताऱ्याच्या छातीवरचा दगड ती एका वाक्यात उतरवू शकत होती. फक्त तो उतरवून तिला स्वतःच्या आजोबांच्या छातीवर ठेवावा लागणार होता, आणि तिच्या आजोबांच्या आयुष्यात ती गोष्ट सोडून आता दुसरं काही शिल्लक नव्हतं.

“विचारते मी त्यांना,” ती कशीबशी म्हणाली.

“तू नगं. मीच इचारतो उद्या,” हैबतराव म्हणाले आणि त्यांनी सूप पुन्हा पुढ्यात ओढलं.

घरी आली तेव्हा दादासाहेब पदकं पुसत होते. ब्लेझरला त्यांनी स्वतः इस्त्री केली होती, मिशा कातरल्या होत्या आणि ओसरीभर बुटाच्या पॉलिशचा वास सुटला होता.

“आजोबा,” जुईली म्हणाली, “उद्या ती गोष्ट नको.”

“कुठली?”

“टीची.”

दादासाहेबांनी फडका खाली ठेवला. “का बरं?”

आता सांगावं म्हणून तिने तोंड उघडलं, आणि समोर ते उजळलेलं पदक आणि ते उजळलेले डोळे बघून मिटलं. ती भित्री होती असं नाही. ऑफिसात भल्याभल्यांना ती तोंडावर सुनावायची. पण इथे तिचं धैर्य गळालं. प्रेमाची माणसं असली की माणूस असा लुळा पडतो. “सगळ्यांनी ऐकली आहे हो,” ती म्हणाली. “बोकडांची सांगा. मुलं असतील, हसतील.”

दादासाहेबांना लागलं. ते दिसलंच. “कंटाळा आला होय तुलाही,” ते म्हणाले, आणि मग उगाच मोठ्याने, “बरं, बोकडांची!”

तेवढ्यावर जुईलीने स्वतःची समजूत घातली. गोष्ट झाली नाही तर कुणाला काही कळणार नाही. हैबतराव प्रश्न विचारतील, आजोबा म्हणतील, छे, एका माणसाने काही टी मोडत नाही. दोन म्हातारे चहा पितील. असं होऊ शकतं, असं तिने ठरवूनच टाकलं.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं. मुलांनी कवायत केली. मंडपात बाया एका बाजूला, बाप्ये एका बाजूला, पुढे सतरंजीवर शाळा. स्टेजवर दोन खुर्च्यांवर दोन म्हातारे बसले होते, एक ब्लेझरमध्ये, एक धोतर आणि टोपीत. विठ्ठलरावांनी दोघांच्या अंगावर शाली घातल्या, हातात नारळ दिले. जुईलीने माइकवर दोघांची ओळख करून दिली. हैबतरावांबद्दल ती फार थोडं बोलली, आणि बोलताना तिने त्यांच्याकडे बघितलं नाही.

दादासाहेब उठले आणि त्यांनी बोकडांची गोष्ट सांगितली. ठाण्यावर जिवंत बोकड उतरवायचे होते, ते विमानात सुटले, आणि एक बोकड थेट पायलटच्या मागे येऊन उभा राहिला, ही ती गोष्ट. मुलं हसून हसून लोळली. बायांनीही पदर लावले तोंडाला. जुईलीचा जीव भांड्यात पडला. ती माइक घ्यायला पुढे झाली.

“सायेब, ती चिन्यांची सांगा की!” विठ्ठलराव खालून ओरडले. “ती झोपल्याली मानसं!”

“आपल्याला आता वेळ...” जुईली म्हणाली.

“आवो ताई, येळेला काय धाड भरलीया? सुट्टीचा दिस हाय. सांगा सायेब!”

“सांगा, सांगा!” पोरांनी गिल्ला केला.

दादासाहेबांनी जुईलीकडे बघितलं. तिने मान हलवली. नको म्हणून, अगदी कळवळून हलवली. पण समोर गाव बसलं होतं आणि गावाला ती गोष्ट हवी होती. त्यांनी नातीला डोळ्यांनीच दटावलं, लाडाने, आणि माइक हातात धरला. माइक हिसकावून घ्यावा असं तिच्या मनात आलं. तसं खरंच केलं असतं तर बरं झालं असतं.

“तर एका सकाळी,” दादासाहेब म्हणाले.

जुईली हैबतरावांचे हात बघत होती. मांडीवरच्या नारळावर ते दोन्ही हात नुसते ठेवलेले होते. कापड नाही, असं दादासाहेब म्हणाले तेव्हा हात हलले नाहीत. माणसांनी केलेला टी, असं म्हणाले तेव्हा बोटं नारळाच्या शेंडीत शिरली. दादासाहेबांचा मोकळा हात विमान होऊन एकदा वळला, दोनदा वळला. “मेल्यासारखे पडलेले सगळे. हालचाल शून्य,” आणि हैबतरावांनी झटकन मान वर केली. मग खुळा आहेस का आलं, चिनी आले, नाक वळवलं आणि माल पुढे नेऊन टाकला, आणि एक दाणा चिन्याच्या तोंडात पडू दिला नाही. अख्ख्या मंडपाने टाळ्या वाजवल्या. पोरांनी शिट्ट्या मारल्या. जुईलीला ज्या टाळ्या ऐकायच्या होत्या त्या याच.

टाळ्या थांबेपर्यंत हैबतराव उभे राहिले होते. बोटं नसलेल्या पायावर त्यांना तोल धरायला वेळ लागायचा. त्यांना माइक लागला नाही.

“सायेब,” ते म्हणाले, “चिनी न्हवते ते. आमी व्हतो.”

दादासाहेब हसतच वळले. त्यांना आधी काही उमगलंच नाही. “काय म्हणालात?”

“आमी व्हतो. कापड मेल्याल्या पोरांस्नी गुंडाळलं व्हतं, म्हनून आमी झोपलो. ह्या गावचा शंभू, पल्याडच्या गावचं दोगं, समदी आपलीच व्हती.”

आधी पोरं गप्प झाली, मग बायांची बाजू. विठ्ठलराव हातातला कागद घडी करत राहिले. दादासाहेबांनी हैबतरावांकडे बघितलं, मग जुईलीकडे, आणि तिचा चेहरा बघून त्यांना कळलं की हे खरं आहे. तिने त्यांना इतकं म्हातारं कधी बघितलं नव्हतं. सकाळपासून ताठ असलेला ब्लेझर एकाएकी त्यांना मोठा व्हायला लागला.

“मला येकच इचारायचंय,” हैबतराव म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं, असं जुईलीला वाटलं. “टोकाचा मानूस हालला व्हता का? पार खालचा. त्यो मी व्हतो. खरं सांगा सायेब. मी हाललो, म्हनून तुमाला टी दिसला न्हाई, आसं झालं का?”

दादासाहेबांनी माइक खाली ठेवला. दोन्ही हात पँटच्या शिवणीला लावून ते उभे राहिले, तिरंग्यापुढे राहिले होते तसे.

“नाही, नाईक,” ते म्हणाले. “कुणीही हललं नव्हतं.”

“टोकाचा?”

“टोकाचाही नाही. रेघ सरळ होती. टी चोख होता. मला पूर्ण दिसला. तुमच्याकडून काहीही चुकलं नाही. मी माल टाकायला हवा होता.”

“हात वर झाल्याला न्हाई दिसला?”

“नाही.”

हैबतराव खाली बसले. त्यांचे खांदे गदगदायला लागले. रेश्मा बायांतून उठून धावत स्टेजवर आली तेव्हा ते तिला म्हणाले, “म्हंजी माज्यामुळं न्हाई गं. माज्यामुळं न्हाई.” एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, आणि ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत स्वतःही रडत राहिली. दादासाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला हात पुढे केला. हैबतरावांनी शाल सावरून घेतली आणि खांदा आत ओढला. त्यानंतर त्यांनी दादासाहेबांकडे एकदाही बघितलं नाही.

“म्हंजी आपली पोरं ह्यांनीच मारली की,” मागून एक बाप्या म्हणाला. हळूच म्हणाला, पण मंडपात सगळ्यांना ऐकू गेलं. विठ्ठलरावांनी घाईघाईने जाहीर केलं की चहा आणि वडे शाळेच्या मागच्या बाजूला आहेत.

दादासाहेब कोळवणच्या घरी थांबायला तयार नव्हते. जुईलीने त्यांना गाडीत घातलं आणि सूसचा रस्ता धरला. शाल त्यांनी घडी करून मांडीवर ठेवली होती. नारळ पायाशी पडला होता आणि वळणावर इकडून तिकडे गडगडत होता, पण तो उचलायचं दोघांनाही सुचलं नाही.

“तुला काल कळलं होतं,” ते म्हणाले.

“हो.”

“म्हणून बोकडांची.”

“हो, आजोबा. मी सांगायला हवं होतं. मला धीर झाला नाही.”

खाचरं मागे पडत होती, कापून झालेली, नुसती धसकटं राहिलेली. जुईलीला ती शांतता सहन होईना. काहीतरी बोलून त्यांना वर काढलं पाहिजे असं तिला वाटत होतं, जसं लहानपणी ते तिला वर काढायचे.

“तुमचा तरी काय दोष?” ती म्हणाली. “तुम्ही हुकूम पाळलात. कापड नव्हतं. माणसं मेल्यासारखी पडलेली, कुणी हलत नव्हतं. तुम्हाला कसं कळणार होतं की ती आपली आहेत?”

दादासाहेब खिडकीतून बाहेर बघत होते. पौडच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक म्हातारा उभा होता, डोक्याला मफलर, पायाशी पिशवी. मागून एसटी येत होती. म्हाताऱ्याने हात पुढे काढला, तळवा जमिनीकडे करून वरखाली केला, थांब, थांब म्हणून. एसटी त्याच्यापाशी थांबली. दादासाहेब वळून, मान मोडेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिले.

“हलला होता,” ते म्हणाले.

“काय?”

“टोकाचा. दोन्ही चकरांना हलला. को-पायलटलाही दिसला. म्हणूनच तो म्हणत होता, टाकू या.” त्यांचा आवाज अगदी साधा होता, गोष्ट सांगतानाचा नव्हता. “मी साताऱ्याकडच्या खेड्यातला आहे, जुई. पडल्या पडल्या तो एसटीला हात करत होता. चिनी माणूस असा हात करत नाही.”